वैशाखातले घर, आषाढातली वारी



सज्जनहो, चैत्र आणि वैशाख हे वसंत ऋतूचे महिने, असे शास्त्र सांगते. वेदकाळी या महिन्यांची नावे निराळी होती. चैत्राला मधु म्हणत आणि वैशाखाला माधव म्हणत. म्हणजे वैशाख हा वसंताचा उत्तरार्ध, आणि नाव पाहिले तर साक्षात देवाचेच. पण आमच्या माणदेशात वैशाखाला वसंत म्हणायला गेलो तर घरातली नातवंडेसुद्धा हसतील. विहिरीचा तळ दिसू लागलेला, वाटेवर फुफाटा, आणि दुपारी अंगणात अनवाणी पाऊल टेकवत नाही. या दिवसांत देवालाही ऊन लागते अशी आपली भावना आहे. म्हणून पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठुराया आणि रखुमाई यांना चंदनाची उटी लावतात.

वारकऱ्याच्या वर्षात हा काळ जरा मोकळा दिसतो. चैत्रातली कामदा एकादशीची वारी होऊन गेलेली असते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघायची, त्याला अजून अवकाश असतो. मधल्या दिवसांत मुलांची सुट्टी, लग्नसराई, आंबे, वाळवणे, शेताची मशागत. म्हणून पुष्कळांना वाटते की हे दिवस नुसत्या प्रपंचाचे आहेत. परमार्थ काय तो पुढे पालखीबरोबर सुरू होईल. मलाही चाळीस वर्षे तसेच वाटत होते. ते चूक होते. आषाढीच्या वाटेवर कोण चालणार आणि कोण मागे राहणार, हे वैशाखातच ठरत असते. ते कसे, हे आज घरचेच उदाहरण घेऊन सांगतो. कीर्तनकाराने जन्मभर दुसऱ्याची उदाहरणे दिली. एखादे स्वतःचेही द्यावे.

पाच जागा

आधी शास्त्राचा विचार पाहू. पाठशाळेत असताना गुरुजींनी आम्हाला मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला गृहस्थधर्म शिकवला. त्या ग्रंथातला उच्चनीच भेद संतांनी मानला नाही, आणि वारकऱ्यानेही मानू नये. परंतु गृहस्थाच्या घराविषयी त्यात एक विचार आहे, तो मनन करण्यासारखा आहे. त्याला पंचसूना म्हणतात. सूना म्हणजे जिथे जीव मारला जातो ती जागा. गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा असतात : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. चुलीत किडामुंगी जळते, जात्यात भरडली जाते, केरसुणीखाली चिरडते, उखळात कांडली जाते, घड्याखाली दबते. मुद्दाम कोणी मारत नाही, पण घर चालायचे तर एवढे ओझे कोणा ना कोणा जीवावर पडतेच.

त्या दोषाच्या निवारणासाठी पाच महायज्ञ सांगितले आहेत. शिकणे-शिकवणे हा ब्रह्मयज्ञ, पितरांचे तर्पण हा पितृयज्ञ, होम हा देवयज्ञ, पशुपक्ष्यांना आणि इतर जीवांना घास देणे हा भूतयज्ञ, आणि अतिथीचे आदरातिथ्य हा मनुष्ययज्ञ. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही भगवंताचा अभिप्राय असाच आहे की, जो केवळ आपल्यासाठी अन्न शिजवतो तो पाप खातो. यज्ञ म्हणजे केवळ तूप जाळणे नव्हे. आपले घर ज्यांच्या कष्टावर चालते त्यांचे देणे फेडणे, हा त्यातला अर्थ.

आता पाहा, वर्षातला कुठलाही महिना घ्या, वैशाखाइतक्या या पाचही जागा कधी जागत नाहीत.

चूल पहाटेच पेटते. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक ऊन चढायच्या आत शिजवावा लागतो. तो ढवळताना हात भरून येतो. मग सोऱ्यातून बाजेवरच्या जुन्या साडीवर कुरडया पडतात. त्यामागून उडदाचे पापड, सांडगे, शेवया, आणि शेवटी कैरीचे लोणचे. गॅस आला तरी ढवळणारा हात तोच आहे. जात्याची जागा गिरणीने घेतली, उखळाची जागा मिक्सरने घेतली. पण वर्षाचे तिखट, हळद, मेतकूट, भाजणी करायची ती याच दिवसांत. केरसुणीचे तर विचारूच नका. वावटळ उठली की सकाळी झाडलेले घर दुपारी पुन्हा धुळीने भरते. आणि पाण्याचा घडा! अर्धे गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. नातवंडे आलेली, लेकीबाळी माहेरी आलेल्या, पाहुण्यांची वर्दळ, आणि पाणी निम्मे.

सज्जनहो, हा सगळा भाग मी कीर्तनात फार रंगवून सांगत असे. लोक माना डोलवत. पण एक प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. या पाच जागा माझ्या घरी सांभाळते कोण?

छंद आणि व्यसन

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट. दोन गावचे सप्ताह आटोपून मी घरी आलो होतो. घरात नातवंडांचा गोंधळ. थोरला नातू बारा वर्षांचा. तो आणि त्याचा मोबाईल एकमेकांना सोडत नव्हते. धाकटी नात दहा वर्षांची. तिला वहीत काहीबाही लिहून ठेवण्याची आवड. नातू म्हणाला, “आबा, हा माझा छंद आहे. तिला वहीचा, मला याचा.”

मी म्हटले, “बस इथे. शब्द आधी समजून घे, मग वापर.” संस्कृतात छंद शब्दाचे दोन अर्थ. एक म्हणजे इच्छा, मनाची ओढ. दुसरा म्हणजे वृत्त, ज्यात अक्षरे मोजून मापून बसतात. निरुक्तकार सांगतात की जे आच्छादन करते, झाकून राखते, ते छंद. आणि व्यसन शब्दात ‘अस्’ धातू आहे, त्याचा अर्थ फेकणे. जे माणसाला त्याच्या जागेवरून उडवून बाजूला फेकते ते व्यसन. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे. मृदंग शिकणारा मुलगा तासभर बसला की त्याचे बोट मापात येते, चित्त जाग्यावर येते, तो छंद. आणि ज्याच्यातून उठल्यावर आपण कुठे होतो, घरात कोण काय करत होते, हेच माणसाला ठाऊक नसते. ते व्यसन, मग ते कितीही चांगल्या नावाचे असो.

नातवाला काही पटले, काही पटले नाही. माळ्यावरचा जुना पखवाज मात्र त्याने खाली काढला. त्याची पुडी उंदराने कुरतडली होती, वाद्या सैल झाल्या होत्या. तालुक्याहून नवी पुडी आणवली. धुमेला कणीक कशी लावायची, किती लावली म्हणजे आवाज भरतो, हे त्याला दाखवता दाखवता दुपार सरली. मी आपला खूष. एक शब्द सांगितला आणि पोरगं मार्गाला लागलं!

पण त्या शब्दाचे दुसरे टोक माझ्याकडेच वळणार आहे, हे तेव्हा मला कळले नव्हते.

जात्याचा खुंटा

नातीच्या शाळेत सांगितले होते की सुट्टीत घरातल्या मोठ्या माणसांकडून जुनी गाणी, म्हणी, कहाण्या लिहून आणा. ती वही घेऊन आजीच्या मागे लागली. “आजी, तू दळताना ओव्या म्हणायचीस ना? सांग की.” आमची मंडळी पापडाच्या लाट्या करत होती. तिने दोन शब्द म्हटले आणि थांबली. पुढचे आठवेना. नात हिरमुसली. तेव्हा ती म्हणाली, “अगं, अशा नाही आठवत त्या. खुंट्याला हात लागल्याशिवाय तोंडात येत नाहीत.”

मागच्या सोप्यात जाते होते. कित्येक वर्षे त्यावर पोती पडून होती. दोघींनी ती बाजूला केली, पाळे पुसले, खुंटा ठोकला, आणि दोन मुठी ज्वारी घातली. जाते फिरू लागले आणि खरोखर एकामागून एक ओव्या येऊ लागल्या. नातीला लिहायला हात पुरेना. मी बाहेरच्या खोलीत गीता उघडून बसलो होतो, पण लक्ष तिकडेच लागले.

त्या ओव्या कशाच्या होत्या म्हणाल? बहुतेक पंढरीच्या वाटेच्या. वाखरीच्या माळावरची गर्दी, चंद्रभागेचे वाळवंट, पुंडलिकाचे दर्शन, रखुमाईच्या ओटीचा खण. अर्धा तास ती बाई जात्यापाशी बसून पायी वारी करत होती.

नातीने लिहिता लिहिता विचारले, “आजी, तू शेवटची चालत कधी गेली होतीस?”

जाते थांबले नाही. फिरवता फिरवताच ती म्हणाली, “बारा वर्षं झाली, बाळा.”

“बारा वर्षं? आबा तर दर वर्षी जातात.”

“कुणीतरी घरी लागतंच ना.”

या उत्तरात तक्रार नव्हती. मी हातातले पुस्तक मिटले. बारा वर्षे! मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मी कधी मोजली नव्हती. पहिली सहा वर्षे माझी आई अंथरुणावर होती. ती गेल्यावर गाय होती, नातवंडे लहान होती, पेरणीची धांदल होती. दर वर्षी ज्येष्ठ उजाडला की मी झोळी भरायचो, वीणेकऱ्याला भेटायचो, दिंडीच्या भिशीचे पैसे द्यायचो. “तू येतेस का?” असे विचारायचो, नाही असे नाही. पण ते कधी? आदल्या आठवड्यात. तोवर वैशाखाच्या कामाने तिचे खांदे मोडलेले असायचे, लोणच्याच्या बरण्या निम्म्या राहिलेल्या असायच्या, आणि गायीची व्यवस्था कोणाकडेच लावलेली नसायची. मी विचारायचो ते नकार ऐकण्यासाठीच विचारायचो म्हणाना.

आणि त्या सगळ्या वर्षांत मी गावोगाव जनाबाईचे आख्यान लावले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणले. उठून घरी आलो की अंघोळीला पाणी काढलेले असायचे. ते कोणी आणि किती लांबून आणले, हे मला ठाऊक नसायचे. मघाशी नातवाला व्यसनाची खूण सांगितली होती. त्या खुणेवर माझे कीर्तन तपासले असते तर काय दिसले असते?

देवाने धरलेली कामे

त्या रात्री झोप आली नाही. संतचरित्रे डोळ्यांपुढून जाऊ लागली. पण त्या रात्री त्यातले वेगळेच दिसू लागले.

जनाबाईच्या घरी देव आला, असे आपण म्हणतो. येऊन त्याने केले काय? तिच्याबरोबर जाते ओढले, कांडणाला हात लावला, ती झाडत होती तर केर भरला, गोवऱ्या वेचल्या. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन राहिला. बारा वर्षे राहिला असे परंपरा सांगते. तिथे त्याने केले काय? गोदावरीतून कावडीने पाणी आणून रांजण भरला, आणि पूजेचे चंदन उगाळले. म्हणजे बघा, जाते, उखळ, केरसुणी, पाण्याचा घडा आणि चुलीचे सरपण, या पाचही ठिकाणी आपल्या देवाने स्वतःचा हात लावलेला आहे. पंचसूनेतली एक जागासुद्धा त्याने सोडली नाही.

आणि त्याचा भक्त म्हणवणारा मी? माझा हात फक्त टाळाला आणि चिपळीला लागलेला. श्रीखंड्याने बारा वर्षे पाणी भरले हे मी सांगत होतो, आणि बारा वर्षे माझ्या घरचे पाणी भरणाऱ्या बाईची वारी चुकत होती.

मला माझी आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आई दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. संध्याकाळी येऊन तांबड्या मिलोच्या भाकरी थापायची, आणि रात्री विहिरीवर झरा भरण्याची वाट पाहत वाटीवाटीने घागर भरायची. मी कधी तिच्याबरोबर कंदील धरून बसत असे. कंदील धरला एवढेच. घागर उचलल्याचे आठवत नाही.

एक शंका

पुढच्या एकादशीला देवळात ही गोष्ट मी जशी घडली तशी सांगितली. कीर्तन संपल्यावर एक जुने माळकरी म्हणाले, “महाराज, तुम्ही उलटा अर्थ लावता. जनाबाई घरीच दळत राहिली, तर देवच तिच्याकडे आला. सावतोबा मळा सोडून गेले नाहीत, तर पांडुरंग अरणला आला. बायामाणसांनी घरीच नाम घ्यावे, तेच त्यांचे पंढरपूर.”

शंका खोटी नाही. सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे खरेच आहे. पण एक बारीक भेद ध्यानात घ्या. सावतोबा आपल्या मनाने मळ्यात राहिले. त्यांना कोणी “तुम्ही राहा, आम्ही जाऊन येतो” म्हणून मागे ठेवले नव्हते. घर हे पंढरपूर आहे असे ज्याचे त्याने स्वतःविषयी म्हणावे. दुसऱ्याला घरात ठेवून त्याच्याविषयी म्हणू नये. मी त्यांना एवढेच विचारले, “माउली, घरीच पंढरपूर असेल तर या वर्षी तुम्ही घरी राहता का, आणि वहिनींना पाठवता?” ते हसले. थोड्या वेळाने गप्प झाले. त्यांच्या घरात तीन सुना. आजवर एकीनेही चंद्रभागा पाहिली नव्हती, हे त्यांनीच मग सांगितले.

वैशाखातल्या एका पुण्यतिथीची इथे आठवण करून देतो. शके १२६०, म्हणजे १३३८ साली, वैशाख वद्य पंचमीला मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाराय गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्याने गावाची भिंत बांधली त्याला देवळाच्या भिंतीआत जाता आले नाही. पुढे सहाशे वर्षांनी १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले, १० मे रोजी ते सुटले, आणि ते दार उघडण्याचा मार्ग झाला. तो महिनाही वैशाखच होता. कष्ट एकाने करायचे आणि दर्शन दुसऱ्याने घ्यायचे, ही रीत आपल्या देवाला कधीच आवडलेली नाही. दारातला अडसर निघाला. आता घरातला निघाला पाहिजे.

वाटणी

मग आम्ही काय केले ते सांगतो. ते काही मोठे नाही, पण कोणालाही करता येण्यासारखे आहे.

घरी पाच जागांची वाटणी केली. पाण्याचा घडा मी घेतला. टँकरच्या रांगेत कीर्तनकार बुवा कळशी घेऊन उभे राहिले, तेव्हा बायकांनी आधी पदर तोंडाला लावून हसून घेतले. पहिल्या दिवशी अर्धी कळशी धोतरावर सांडली. खांद्यावर हंडा ठेवायचा तर खाली चुंबळ कशी वळायची, हेसुद्धा मला नातीने शिकवले. केरसुणी मुलाने घेतली. वाटण-कांडण नातवाकडे गेले. मिक्सर तोच, पण आता तो वाळवण राखताना कावळ्यांना हाकलता हाकलता पखवाजाचे बोलही घोकू लागला. चूल सूनबाई आणि तिची सासू दोघींत राहिली, पण चीक ढवळायला मुलगा आणि मी आळीपाळीने बसलो. सांगायला हरकत नाही, दोन घाणे करपले.

गावातही थोडे झाले. आमच्या वेशीत पाणपोई आहे. संस्कृतात तिला प्रपा म्हणतात आणि प्रपादानाचे पुण्य मोठे सांगितले आहे. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावे उदककुंभाचे दान करतात, खानदेशात आखाजीला घागर भरतात. त्या सगळ्यामागे तहानलेल्याला पाणी हाच भाव आहे. रांजण, त्याभोवती ओले फडके, वर लाकडी झाकण आणि एक ओगराळे. पूर्वी याच वेशीत काहींना पाणी वरून ओंजळीत ओतत, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे. आता तसे नाही. ज्याला तहान लागेल त्याने ओगराळे हातात घ्यावे. मात्र एवढी वर्षे तो रांजण भरत होत्या शेजारच्या दोन म्हाताऱ्या. आता भजनी मंडळाच्या तरुणांनी पाळ्या लावून घेतल्या. पाणपोईच्या खालच्या अंगाला गुराढोरांसाठी दगडी डोणी आणि पाखरांसाठी परळ ठेवले. भूतयज्ञाची ती सोय. देवळाच्या आडातला गाळ काढायला पंचवीस-तीस माणसे आठवडाभर पहाटे उतरली. वाळवणे चार घरांनी मिळून एकाच अंगणात घातली. ज्या कामाला एकटीला पंधरा दिवस लागत ते सहा दिवसांत उरकले, आणि गाण्या-बोलण्यात उरकले.

आणि एक यादी केली. दिंडीत येणाऱ्यांची यादी वीणेकऱ्याकडे असतेच, ही दुसरी. गावातल्या कोणत्या घरातले कोण किती वर्षे वारीला गेले नाही, त्याची. ती नातीच्या अक्षरात तिच्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिली. नावे बहुतेक बायकांची निघाली. दोन सालगडी निघाले. एक पांगळ्या भावाला सांभाळणारा मुलगा निघाला. प्रत्येक नावासमोर लिहिले की याच्या मागे याचे काम कोण करील. ज्यांच्यासमोर नाव मिळाले ते त्या वर्षी निघाले. सगळे निघाले नाहीत. पाच-सहा नावे तशीच राहिली, ती पुढच्या वर्षावर घेतली.

माझी वारी

त्या वर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आमची मंडळी आळंदीहून माउलींच्या सोहळ्यात चालू लागली. मी घरी राहिलो. माझी वारी मी मोडली नाही. वारी म्हणजे एकादशीला पंढरीत हजर असणे. पायी चालणे हे तिचे भाग्य. ते भाग्य या खेपेला मी तिला दिले आणि स्वतः दशमीला एस.टी.ने जाऊन द्वादशीला परतलो. त्या दोन दिवसांची गाय शेजाऱ्यांनी सांभाळली.

मधले अठरा-वीस दिवस काय गेले ते माझे मला ठाऊक! गाय पहिले तीन दिवस पान्हा चोरायची. भाकरी चंद्रासारखी व्हायची, पण अष्टमीच्या. दुपारी भांडी घासून पाठ टेकावी तो दारात कोणीतरी उभा. तेव्हा कळले की पोथीतली पंचसूना मी तोंडाने चाळीस वर्षे वाचली, हाताने आत्ता वाचतो आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसलो की अंग दुखायचे. पण खरे सांगतो, चित्त इकडेतिकडे जायचे नाही.

पंढरपुरात वाळवंटात तिची गाठ पडली. उन्हाने रापलेली, पायाला फोड आलेले, गळ्यात तुळशीचा ताजा हार. बारा वर्षांनी पायी आलेल्या बाईने मला पहिले काय विचारावे? “गाईला पेंड घालत होता ना?” मी म्हटले, “घालत होतो.” मग ती नदीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. मीही काही बोललो नाही.

घरी आल्यावर तिने नातीच्या वहीत आणखी सहा ओव्या लिहवल्या. त्या मात्र जात्याला हात न लावता आठवल्या.

साधकांसाठी

तात्पर्य थोडक्यात सांगतो. या वैशाखात प्रत्येक वारकऱ्याने आपल्या घरातल्या पाच जागा मोजाव्यात, आणि त्यांतली एक तरी स्वतःच्या हातात घ्यावी. निदान मृग लागेपर्यंत. मुलांना सुट्टीत एक छंद असा लावून द्यावा की ज्यात हात, कान आणि घरातले वडीलधारे माणूस या तिघांची गरज पडते. वेशीत पाणपोई नसेल तर रांजण ठेवावा, असेल तर ती कोण भरते हे पाहावे. आणि दिंडीची यादी करण्यापूर्वी मागे राहणाऱ्यांची यादी करावी. पालखी निघण्याच्या आदल्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नाला प्रश्न म्हणत नाहीत. विचारायचे ते आज, कुरडया बाजेवर असतानाच विचारा : “या वर्षी तू चालणार. तुझं काय काय माझ्याकडे देतेस?”

हे वाचून कोणी म्हणेल, “बुवा म्हातारपणी शहाणे झाले.” म्हणू द्या. उशिरा का होईना, झालो. तुम्ही मात्र बारा वर्षे थांबू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.